चूक झाली हे सांगायला शाळेत कोण शिकवणार?

गेल्या मे महिन्यात आमच्या युनिटमधे आंबा पल्पच्या २४० बाटल्या फुगल्या. देवगड तालुक्यात आमचं छोटंसं आंबा-कोकम प्रक्रियेचं युनिट आहे, मी आणि मिस्टर मिळून चालवतो, सीझनला गावातलीच आठ-दहा मुलंमुली कामाला असतात, बहुतेक दहावी-बारावी झालेली, निकालाची नाहीतर अॅडमिशनची वाट बघत असलेली. आमच्याकडे नियम असा की पल्प गरम असतानाच बाटलीत भरायचा, ८५ डिग्रीच्या खाली उतरला की भरणं थांबवायचं आणि परत तापवायचा. बस, एवढंच. त्या दिवशी मधेच लाईट गेली, पल्प निवला आणि ज्या मुलाकडे थर्मामीटर होता त्याने तो तसाच भरून टाकलान. त्याला कळलं होतं. त्याच संध्याकाळी त्याला पक्कं माहीत होतं की आपलं चुकलंय, तरी तो बोलला नाही, बाटल्या पुसून लेबलं लावून घरी गेला. आठवड्याने झाकणं वर यायला लागली तेव्हा रडत रडत सांगितलंन.

मुलगा गुणी आहे हो. दहावीला ८८ टक्के. सूक्ष्मजीव, किण्वन, पाश्चरायझेशन हे सगळं त्याने पेपरात लिहून मार्क घेतलेले आहेत. म्हणजे जे व्हायला नको होतं ते का होतं हे आमच्या युनिटमधे सगळ्यात चांगलं कुणाला माहीत असेल तर त्यालाच. त्याला जे येत नव्हतं ते एकच, की हातातलं काम थांबवून "काकी, पल्प थंड झालाय, मी तसाच भरला" एवढं वाक्य तोंडातून काढणं. ते वाक्य तेव्हाच आलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं, बाटल्या ओतून परत तापवलं असतं.

मी रात्री विचार करत बसले की हा असा का वागला, तर मला वाटायला लागलं की तो अगदी शाळेत शिकवलं तसाच वागला. दहा वर्षं त्याला एकच शिकवलंय, चूक म्हणजे मार्क गेले. वहीत खाडाखोड दिसता कामा नये, चुकीचं उत्तर दिलं की वर्गात हसणार, प्रयोगवहीत रीडिंग नाही जुळलं तर शेजारच्याचं बघून जुळवून लिही. शाळेत चूक लपवली की फायदाच होतो, ज्याने लपवली त्याचे मार्क वाचतात. कामावर लपवलेली चूक मात्र सगळ्यांचा माल घेऊन बुडते. आणि या दोन जगांमधला फरक मुलाला सांगायला दहावीपर्यंत कुणी भेटतच नाही.

आता सगळीकडे जीवनकौशल्य, सॉफ्ट स्किल्स, रोजगारक्षमता असं चाललंय, शाळांमधून कार्यक्रम होतात, ट्रेनर येतात, सर्टिफिकेटं वाटतात. माझं म्हणणं सरळ आहे. जीवनकौशल्याचं पुस्तक काढून, तास लावून, श्रेणी देऊन ते येणार नाही. मुलांच्या हाताला खरं काम लागलं पाहिजे, जिथे चूक वस्तूत दिसते, लपवता येत नाही, आणि ती सुधारायला वेळ दिला जातो. आठवी ते दहावी, आठवड्यातला निदान अर्धा दिवस, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला. "अभ्यासात कच्ची" मुलं वेगळी काढून त्यांनाच नाही, प्रत्येकाला.

कोकणात हे बोलणं जास्त अवघड आहे कारण आमचे निकाल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीत कोकण दरवर्षी राज्यात पहिलं. २०२४ ला राज्याचा निकाल ९५.८१ टक्के आणि कोकणाचा ९९.०१. मला याचा अभिमान आहे, शिक्षक राबतात, आईबाप पोटाला चिमटा काढून शिकवतात, मुलं डोंगर उतरून चालत शाळेत येतात, त्याचं हे फळ आहे. पण हा आकडा पेपरात आला की त्यानंतर कुणी पुढचं विचारतच नाही. शंभरातली ९९ पास झाली, मग ती गेली कुठे? आमच्या वाडीत बघा, १८ ते ३० वयाची पोरं मोजायला दोन हात पुरतात. बाकीची मुंबईला, दिव्याला, विरारला, नाहीतर गोव्यात. आणि आंब्याच्या बागेत राखणीला आणि फवारणीला नेपाळहून आलेली माणसं, ट्रॉलरवर खलाशी नेपाळचे, कर्नाटकातले, उत्तरेतले. ते मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण आमच्या पोरांना इथलं काम येत नाही म्हणून ती जातात, का इथलं काम कमीपणाचं वाटतं म्हणून, का इथे पैसाच नाही म्हणून? तिन्ही खरं आहे. आणि तिन्हीतल्या पहिल्या दोन गोष्टींवर शाळा काहीतरी करू शकते, असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना काही माझी नाही आणि नवीही नाही. १९३७ मधे वर्ध्याला गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, नई तालीम. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला. १९७७ ला ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव दिलं. आणि आमच्या कोकणात तर अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले, कोकणचे गांधी म्हणतात त्यांना. १९३२ मधे रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागितलं, तुरुंगाने नाकारलं, त्यावरून उपास केला आणि त्यांच्या पाठिंब्याला गांधीजींनी येरवड्यात उपास सुरू केला. नंतर १९४८ मधे कणकवलीला गोपुरी आश्रम काढला, तिथे मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं काम, सोनखताचे संडास, सगळं स्वतःच्या हाताने. कुठलंही काम हलकं नाही हे ज्या माणसाने स्वतः करून दाखवलं तो आमच्याच कोकणातला, आणि आमच्या मुलांना विचारा किती जणांना नाव माहीत आहे.

मग कार्यानुभवाचं काय झालं? आम्ही शाळेत होतो तेव्हा थर्माकोलचं घर आणि मण्यांचं तोरण. घर वडिलांनी करून दिलं नाहीतर बाजारातून आणलं, बाईंनी बघून अ श्रेणी दिली. माझ्या मुलीच्या वेळेलाही तेच, फक्त थर्माकोलवर बंदी आली म्हणून पुठ्ठ्याचं. हा तास कुणाला द्यायचा तर ज्या सरांचे तास कमी भरतायत त्यांना, आणि परीक्षा जवळ आली की गणित-इंग्रजीला देऊन टाकायचा. त्यात शिक्षकांचा दोष नाही, पटावर शिक्षक ठरतात, आमच्याकडे पट दरवर्षी घटतोय, पन्नास प्रकारची माहिती ऑनलाईन भरायची असते, त्यात सुतारकी शिकवायला सांगितली तर तो माणूस करणार काय.

जीवनकौशल्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली, स्वजाणीव, समानुभूती, निर्णयक्षमता, समस्या निराकरण, संप्रेषण, ताणाचं समायोजन वगैरे. यादी उत्तम आहे, त्यातलं एकही नको असं कुणी म्हणणार नाही. पण आमच्याकडे यादीचं प्रशिक्षण होतं, तक्ता भिंतीवर लागतो, आणि "समानुभूती म्हणजे काय ते दोन वाक्यांत लिहा" असा प्रश्न येतो. माझ्या मुलीने ते उत्तर तोंडपाठ केलेलं मी ऐकलंय. पण एक दिवस घरी आजी पडली तेव्हा तिला काय करायचं ते सुचलं नव्हतं, लहान होती, घाबरली, पण म्हणून मला वाटतं की या गोष्टी वाक्यात मावत नाहीत.

मला विचारलंत तर कोकणातल्या दहावीच्या मुलाला काय यायला हवं, मी यादी नाही करणार, दोन-तीन गोष्टी सांगते ज्या रोज डोळ्यासमोर दिसतात.

पहिली म्हणजे सातबारा. आमच्याकडे जमीन सामायिक, एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, वारसनोंद नाही, कुणी मुंबईत कुणी बडोद्याला. गणितात हेक्टर-आर शिकवतात पण घरचा सातबारा वर्गात कुणी आणत नाही. क्षेत्राच्या रकान्यात ०.४०.५० लिहिलेलं असतं, म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर, म्हणजे ४०५० चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक एकर. हे गणित सातवीतल्या मुलाला येतं, फक्त ते आपल्या बागेचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नमुना सात म्हणजे मालकी-हक्क, बारा म्हणजे पीक, आठ अ म्हणजे एका खात्यावरची सगळी जमीन, फेरफार नंबर बघून मागे काय घडलं ते काढायचं, पोटखराबा म्हणजे काय, इतर हक्कात कुळाचं नाव आहे का. चार तासांचं काम आहे. आणि मुलींना तर हे शिकवायलाच हवं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क जन्मापासून आहे, तरी आमच्याकडे बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, आणि सही करणाऱ्या बाईला कित्येकदा कागदावर काय आहे ते वाचून दाखवलेलं पण नसतं. तिने हक्क सोडावा का ठेवावा हा तिचा प्रश्न, मला त्यात पडायचं नाही, पण दहावी पास बाईला स्वतःच्या सहीच्या वरचा मजकूर समजू नये ही शाळेची नामुष्की आहे. हायवेच्या आणि समुद्राच्या बाजूच्या जमिनी विकल्या जातायत, कुलमुखत्यारपत्र करून घेतात, नंतर माणसं कपाळाला हात लावून बसतात.

दुसरी म्हणजे पट्टी. वाशीच्या घाऊक बाजारात आंब्याच्या पेट्या पाठवल्या की दलालाकडून पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद येतो, त्यात भाव, डझन, हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं, सगळ्या कपाती. आमच्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं पट्ट्या घेतल्या, पाठी खिळ्याला टोचून ठेवल्या, कधी बेरीज केली नाही की एका पेटीमागे हातात किती पडलं. शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा हे तिन्ही धडे त्या एका कागदात आहेत. वर्गातल्या दहा घरच्या पट्ट्या आणल्या आणि तुलना केली तर मुलं चार दिवसात असे प्रश्न विचारतील की बापांना उत्तरं द्यायला लागतील.

तिसरी जीवाचीच गोष्ट. आमचा सगळा कातळ फुरशांचा, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांचा. फुरसं चावलं तर माणूस न हलवता, कापाकापी न करता, आवळून न बांधता, थेट सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचा, हे माहीत असलेलं पोर घरात असेल तर एक जीव वाचतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर आयुष्य घालवलं, लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपचार दाखवला, लोक वाचायला लागले, २०२२ ला पद्मश्री मिळाली. पण औषध दवाखान्यात असून काय उपयोग, जर पेशंट आधी दोन तास उताऱ्याला फिरवला. घरात सगळ्यात आधी "गाडी काढा" म्हणणारं माणूस शाळेने तयार करायचंय. तसंच वादळाचं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, पुढच्या वर्षी मे मधे तौक्ते, तुटलेल्या तारा रस्त्यावर, माडांवर, कौलांवर. तार पडलेली दिसली तर काय करायचं, मेन स्विच कुठे, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) का बसवायचा, हे विज्ञानाच्या तासाला घराघरात जाऊन बघण्यासारखं आहे.

बाकी स्वयंपाक, कपडे, पैसे, ते सांगायला नकोच. सतरा वर्षांचा मुलगा मुंबईला खोलीवर जातो आणि त्याला पेज सुद्धा करता येत नाही कारण घरात ते बहिणीचं काम. नोकरीचं पत्र हातात आलं तर बेसिक किती, पीएफचे १२ टक्के कुठे जातात, यूएएन हा पीएफचा नंबर म्हणजे काय, माहीत नाही. नोकरीसाठी आधी पैसे भरा म्हणणारा फोन आला की भरतात, आणि मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईन नंबरला फोन करायचा असतो हेही माहीत नसतं.

आता हे सगळं शिकवणार कोण? इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हे आम्ही थोडं करून बघितलंय.

आमच्या इथल्या एका हायस्कूलमधे, पालक-शिक्षक संघात मी आहे म्हणून, आम्ही मुख्याध्यापकांना विचारलं की जून-जुलैचे चार शनिवार द्या. या दोन महिन्यांचं एक कारण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली. म्हणजे ज्या माणसांच्या हातात कसब आहे ती माणसं नेमकी शाळा सुरू होते तेव्हा गावात, जमिनीवर असतात. कलमं बांधायचा मोसमही तोच, जुलै-ऑगस्ट. आमचं वर्षाचं कॅलेंडर समुद्र आणि पाऊस ठरवतो, शाळेचं पुण्यातून ठरतं, पण या ठिकाणी दोघांची गाठ पडते आणि ती कुणी बघितलेली नाही.

इंजिनाचे एक मिस्त्री आहेत, साठीचे, चौथीत शाळा सोडलेली. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "बाय, माका लिवक-वाचूक धड येणा नाय, मी शाळेत जावन काय शिकवतलंय?" दोनदा परत पाठवलंनी. तिसऱ्यांदा मुलांनाच घेऊन त्यांच्या शेडमधे गेलो. त्यांनी इंजिन चालू केलंनी आणि म्हणाले, "आवाज आयका. खय खटखटता तां सांगा." चाळीस मुलं गप्प, पाऊस पडतोय आणि सगळी कान देऊन ऐकतायत. वर्गात असं शांत बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग प्रत्येकाने वेगळं वेगळं सांगितलं, बहुतेकांचं चुकलं, आणि मिस्त्री कुणालाच चूक म्हणाले नाहीत, प्रत्येकाने दाखवलेली जागा उघडून दाखवलंनी की इथे बघ, इथे काही नाही, आता पुढे कुठे बघशील? तेव्हा मला पटलं की मला जे पाहिजे होतं ते हेच, चुकीचं उत्तर हे पुढच्या उत्तराकडे जायचा रस्ता म्हणून वापरणं, आणि ते या चौथी पास माणसाला कुणी न शिकवता येत होतं कारण इंजिन दुरुस्त करायचं तर दुसरा रस्ताच नाही.

कोय कलम पण केलं. आंब्याची कोय रुजून दहा-पंधरा दिवस झाले की तांबूस पानं असतात तेव्हा रोप उपटून, शेंडा छाटून, मधे चीर देऊन हापूसच्या काडीची पाचर बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. नर्सरीतल्या दोन बायका शिकवायला आल्या, त्या हाताने इतकं भराभर करतात की मुलांना आधी दिसलंच नाही काय केलं. प्रत्येकाने पाच कलमं बांधली, नाव लिहून चिठ्ठी लावली. महिन्याने बघितलं तर निम्म्याहून जास्त मेलेली. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, "माझी ५ पैकी ४ मेली. पट्टी ढिली बांधली. एका काडीला डोळा नव्हता." तिच्या वहीतलं हे पहिलं पान असेल ज्यावर चूक तिने स्वतः शोधून, स्वतः लिहून ठेवली आणि कुणी त्यावर लाल रेघ मारली नाही. दुसऱ्या खेपेला तिची तीन जगली.

हे असं करणारी माणसं महाराष्ट्रात आधीपासून आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मधे विज्ञान आश्रम काढला, तिथून मूलभूत तंत्रज्ञान परिचय हा विषय तयार झाला, आठवी ते दहावी, आठवड्यात एक दिवस, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही गोष्टी प्रत्येक मुलाने करायच्या, गावातलेच कारागीर शिकवणार, आणि शिकलेलं काम गावाला सेवा म्हणून करून द्यायचं. आपल्या राज्य मंडळाची मान्यता त्याला आहे. म्हणजे शोध लागलेला आहे, चाळीस वर्षं झाली, तो सगळ्या शाळांत पोचत नाहीये एवढंच.

आणि कागदावर तर आता सगळंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवी दहा दप्तरमुक्त दिवस, गावातल्या सुतार-माळी-कुंभाराकडे जाऊन शिकायचे. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हायची होती. त्याच धोरणात लिहिलंय की १९ ते २४ वयोगटात रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार छान सांगितलेत, सजीवांबरोबरचं काम, यंत्र-साहित्याबरोबरचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. वाचून मला बरं वाटलं. पण मला भीती आहे की पुस्तक येईल, त्यावर स्वाध्याय येईल, आणि दप्तरमुक्त दिवशी रांगेत फोटो काढून अपलोड केला की झालं असं होईल.

विरोध करणारे काय म्हणतात तेही नीट बघायला हवं, कारण त्यातला एक मुद्दा फार खरा आहे. आमच्या बैठकीत एक आई उभी राहून म्हणाली, "आमचो जलम चिखलात गेलो, आता पोरांनी शाळेत जावनसुद्धा ताच करूचा काय?" तिला उत्तर द्यायला मला जमलं नाही तेव्हा. ती घाबरत होती ते खोटं नाहीये. १९५३ मधे मद्रासला तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजींनी योजना आणली होती, मुलांनी अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ वडिलांचा धंदा शिकायचा. तिथले समाजसुधारक पेरियार आणि लोकांनी कडाडून विरोध केला, कुलाचं शिक्षण म्हणाले त्याला, आणि १९५४ ला ती मागे घ्यावी लागली. बरंच झालं. ज्या देशात काम जातीवरून ठरत आलं तिथे "मुलांना काम शिकवा" म्हणताना दहा वेळा विचार करायला पाहिजे, नाहीतर कुणाच्या मुलाच्या हातात परत जाळं आणि कुणाच्या मुलाच्या हातात लॅपटॉप.

म्हणून मी म्हणते की प्रत्येक मुलाने, आणि बापाचं नाही तर दुसऱ्याचं काम शिकायचं. मच्छीमाराची मुलगी वायरिंग शिकेल, शिक्षकाचा मुलगा बांगडे साफ करून मीठ लावेल, बागायतदाराचा मुलगा जाळं विणेल, ज्या घरात चूल फक्त बाई पेटवते त्या घरचा मुलगा चाळीस जणांचा भात लावेल. यात कुणाला धंद्याला लावायचा हेतू नाही, तो मुलगा उद्या डॉक्टर होऊ दे, कलेक्टर होऊ दे, पण इंजिन उघडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे त्याला आतून माहीत असेल. हुशार मुलांना यातून सूट दिली तर सगळंच फसलं. आत्ता तेच होतं, तांत्रिक विषय म्हणजे ज्यांना बाकी जमत नाही त्यांच्यासाठी, आयटीआय म्हणजे नापासांचं, आणि मग हुशार मुलांचे आईबाप पहिले नाही म्हणतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून नाही म्हणतात. त्या आईला मी पुढच्या वेळी हेच सांगितलं, तुझ्या मुलीला चिखलात नाही पाठवत, डॉक्टरांच्या मुलाला तिच्या शेजारी उभं करतोय. ती हो म्हणाली असं नाही. पण मुलीला शनिवारी पाठवलंन.

वेळ नाही, अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा दुसरा मुद्दा. मला तो तितका पटत नाही. सातबारा हे गणित आणि नागरिकशास्त्र आहे, पट्टी गणित आहे, कोय कलम जीवशास्त्र आहे, मिस्त्रींचं इंजिन भौतिकशास्त्र. मराठीच्या तासाला तलाठ्याला अर्ज लिहा, गिऱ्हाईकाला तक्रारीचं उत्तर लिहा. तास वाढवायचे नाहीत, तासात काय येतं ते बदलायचंय. शिक्षकांवर भार पडेल हे खरं आहे, म्हणून तर बाहेरची माणसं आत घ्यायची.

खरी अडचण पैशाची आहे आणि ती मोठी नाही पण कुणी सोडवत नाही. मिस्त्रींचे चार शनिवार गेले, नर्सरीतल्या बायकांची चार दिवसांची मजुरी बुडाली. त्यांना मानधन द्यायला हवं की नको? शिक्षकाला पगार आणि कारागिराला नारळ आणि शाल, हे मला अजिबात मान्य नाही, कामाला मान म्हणजे कामाला दाम. ज्या शाळांमधे सरकारचे व्यवसाय विषय आहेत तिथेही प्रशिक्षक कंत्राटी असतात, एजन्सीमार्फत घेतलेले, नोकरीची शाश्वती नाही, आणि तेच मुलांना नोकरीसाठी तयार करणार. गावातल्या कारागिराला तर शाळेच्या वहीत जागाच नाही, शैक्षणिक अर्हता कॉलममधे काय लिहिणार? आम्ही पालकांनी वर्गणी काढून त्या वर्षी दिले. दरवर्षी वर्गणी काढून शाळा चालत नाही. तालुक्याला दोन-चार शाळा मिळून एक वर्कशॉप, कृषी विद्यापीठ दापोलीला १९७२ पासून आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र, रत्नागिरीला शिरगावला मत्स्य महाविद्यालय, भाट्येला नारळाचं केंद्र, यांना प्रत्येकी दहा शाळा जोडून द्या, आणि कारागिराच्या मानधनासाठी शाळेच्या अनुदानात एक स्वतंत्र शीर्ष द्या, अर्हतेच्या जागी कामाचा अनुभव चालेल असं लिहून. माझी मागणी एवढीच आहे, पत्र तयार आहे, आमच्या संघाच्या सह्या झाल्यात.

तो बाटल्यांचा मुलगा यंदा परत कामाला आला. मी मुद्दाम थर्मामीटर त्याच्याकडेच दिला आणि भिंतीला एक वही टांगली, ज्याच्या हातून जे चुकलं ते त्याने त्याच दिवशी लिहायचं, कुणाचे पैसे कापणार नाही. पहिल्या आठवड्यात वही कोरी. मग एक दिवस मी माझंच लिहिलं, साखरेचं वजन चुकलं होतं, बॅच नंबर सकट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर खाली त्याच्या अक्षरात दोन ओळी, "तापमान ८१ ला भरायला लागलो होतो. ६ बाटल्या झाल्यावर लक्षात आलं, ओतून परत तापवल्या."

शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होईल. मिस्त्रींनी परवा बाजारात विचारलं, औंदा शनवारी येव काय म्हणून. मी हो म्हटलंय, मानधनाचं काय ते अजून ठरायचंय.